अकरा फूट

"उल्हासराव, जरा बाजूला व्हा. मला जमिनीचा फोटो हवाय, तुमचा नव्हे," देवस्थळी बाई म्हणाल्या.

मी बाजूला झालो. बाई सांगलीच्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. पुण्याची एक संस्था थंडीच्या दिवसांत किनाऱ्याने पायी सहली काढायची. चार दिवस, या गावातून त्या गावात, वाळूतून आणि सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, चालत. सामान टेम्पोने पुढे, माणसं पायी मागे. आमच्या गावचा, भाटण्याचा मुक्काम आमच्या घरी असायचा, आणि भाटण्यापासून पुढच्या खाडीपर्यंत वाट दाखवायला मी. बाई सलग पाचव्या वर्षी आल्या होत्या. आल्या की आमच्या घरापुढच्या दगडी बंधाऱ्याच्या शेवटच्या दगडावर चढायच्या, समुद्राकडे पाठ करायच्या आणि जमिनीचा एक फोटो काढायच्या. दर वर्षी तोच दगड, तीच बाजू.

त्या संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी पाच वर्षांचे पाच फोटो पडवीत एकाखाली एक मांडले. दहा-बारा पाहुणे भोवती वाकले.

"हे बघा, समुद्र कसा आत येतोय. हे यांच्या शेजाऱ्यांचं घर. पहिल्या वर्षी पुढे केवढं अंगण होतं, आणि आता पडवीसुद्धा गेली. बंधारा जिथे संपतो ना, तिथूनच पुढे धूप जास्त होते. अडवलेलं पाणी कुठेतरी जाणारच."

सगळे हळहळले. बाई समुद्र दाखवत होत्या. मी वई बघत होतो.

वई म्हणजे आमच्याकडचं काट्याकुट्यांचं आणि झावळांचं कुंपण. पावसात ते कुजतं, म्हणून दर वर्षी दिवाळी सरली की नवं घालायचं. आमच्या आणि जयराम तारींच्या भाटामधली, म्हणजे नारळाच्या बागांमधली हद्द ही वईच. पहिल्या फोटोत वईच्या अलीकडे, आमच्या बाजूला, तीन माड होते. पाचव्या फोटोत दोन. तिसरा माड कुठे गेला नव्हता, जिथल्या तिथे उभा होता. वई त्याला वळसा घालून अलीकडे आली होती.

माझी आई म्हणायची, उल्हासच्या हातावर देवळात प्रसाद ठेवला तरी तो आधी उलटा करून बघेल. खोटं नाही. गोव्यात हॉटेलांत दहा वर्षं नोकरी केली, तिथे हा गुण आणखी वाढला. मी पाहुण्यांना जेवायला बसवलं आणि उजेड होता तोवर बंधाऱ्याच्या टोकाकडे जाऊन आलो. बंधारा आपल्या हद्दीपर्यंतच आहे, हे मला आबांनीच, माझ्या वडिलांनीच, सांगितलेलं होतं. म्हणजे वई बंधाऱ्याच्या शेवटच्या दगडापासून सुरू व्हायला हवी. ती चार पावलं आत होती.

चार पावलं म्हणजे माझ्या दोन खोल्या.

हे सांगायला हवं. त्याच वर्षी पुण्याच्या संस्थेने मला कळवलं होतं, की माणसं वाढताहेत, पुढच्या हंगामापर्यंत आणखी दोन खोल्या झाल्या तर ठीक, नाहीतर मुक्काम पलीकडच्या गावात हलवावा लागेल. नोकरी सोडून मी गावाला आलो होतो ते याच सहलींच्या भरवशावर. खोल्या बांधायला जागा एकच, दक्षिणेची, वईच्या बाजूची. गवंड्याने फीत लावून सांगितलं होतं, भिंत आणि जायची वाट धरून दहा फूट कमी पडतात. तेव्हा मी नशिबाला बोल लावला होता. आता नशीब सुटलं आणि जयरामकाका सापडले.

जयरामकाका आबांच्या वयाचे, सत्तरी ओलांडलेले. दोघे एका शाळेत, एका होडीवर, एका भजनात. रोज सकाळी काका वईतल्या बेड्यातून, म्हणजे आडव्या बांबूंच्या फाटकातून, आमच्या पडवीत यायचे, आबांबरोबर पान खायचे आणि फारसं काही न बोलता जायचे. आणि दिवाळीनंतर दोघे मिळून वई घालायचे. आबा खुंट मारायचे, काका दोरी धरायचे. त्या पंधरवड्यात माझ्याकडे पहिल्या सहली असायच्या, त्यामुळे मी त्या कामाकडे कधी फिरकलोच नव्हतो.

आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "माका समुद्र दिसता, तेवढा पुरे." अशा माणसाने खुंट मारायचा, तो दोरीच्या अंदाजाने. आणि दोरी कोणाच्या हातात? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

रात्री मी बायकोला सांगितलं. दर्शना भांडी पुसत होती.

"काका तसले नाय," ती म्हणाली.

"तसले म्हणजे कसले? कपाळावर लिहिलेला असता?"

"मगे आबांका इचारा."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना खाडीपर्यंत पोचवून आलो आणि आबांना विचारलं. सरळ नाही, आडून. "आबा, वई यंदा वायच आत इली काय?"

आबा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. हात थांबला. "कोण म्हणता?"

"माका दिसता."

"तुका लय दिसता. पावण्यांचा बघ. वईच्या भानगडीत तू पडा नको."

एवढं बोलून ते उठून गेले. आबा असं तोडून कधी बोलत नसत. मी त्याचा अर्थ लावला, की म्हाताऱ्याला संशय आलाय, पण दोस्ताचं नाव घ्यायचा धीर नाही. संशयाचं असंच असतं. एकदा घरात शिरला की जे दिसेल ते त्याच्याच ताटात जाऊन पडतं.

मग मला काय काय दिसायला लागलं! काका पहाटे वईपाशी उभे राहून समुद्राकडे बघायचे. मी म्हटलं, पुढच्या वर्षीचा अंदाज घेतायत. गेल्या पावसात त्यांची पडवी आणि चुलीची खोली समुद्राने नेली होती, तेव्हा त्यांनी नवी खोप उभारून चूल मागच्या बाजूला आणली, ती नेमकी वईला टेकून. मी म्हटलं, बांधकाम केलं की जागा पक्की होते, हे म्हाताऱ्याला कोणीतरी शिकवलेलं दिसतंय. सुलोचनाकाकी आमच्या पाहुण्यांसाठी न सांगता सोलकढीचा टोप पाठवायची, एक पैसा घ्यायची नाही. आधी मला त्याचं कौतुक होतं. आता वाटलं, एवढा गोडवा फुकट कोण वाटतं? ज्याच्या मनात काही असतं तोच.

एकदा मी मुद्दाम ते फोटो घेऊन काकांकडे गेलो. बाई एक एक प्रत मला देऊन गेल्या होत्या.

"काका, हे बघा. पाच वर्सांचे फोटो."

त्यांनी पहिला हातात घेतला, बराच वेळ पाहिला. तो गेलेल्या अंगणाचा होता. दुसरा घेतला. मग बाकीचे न बघताच माझ्या हातात परत दिले.

"ठेव ते. बघून काय करूचा?"

"वई बघा ना, कशी दिसता ती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. त्या वेळी मी तिला चोराची नजर म्हटलं.

"बापाशीक दाखवलंस?" त्यांनी विचारलं.

"तेंका खंय दिसता?"

"बरां," काका म्हणाले आणि आत गेले.

माझ्या लेखी निकाल लागला. मी सरकारी मोजणी आणायची ठरवली.

शहरातल्या माणसाला यात काही वाटणार नाही. जमीन मोजून घ्यायची, त्यात काय? पण आमच्याकडे शेजाऱ्याच्या हद्दीवर मोजणी आणणं म्हणजे चार लोकांत त्याला चोर म्हणणं. एकदा मोजणी आली की त्या दोन घरांमधलं बेडं बंद होतं. लग्नाची अक्षत जात नाही, गणपतीची आरती वेगळी होते. हे मला माहीत होतं. मी म्हटलं, चोराला चोर म्हणायला लाजायचं कशाला?

अडचण एकच. सातबारा आबांच्या नावावर होता, अर्जावर सही त्यांची लागणार होती.

त्याच आठवड्यात पाहुण्यांच्या घराच्या नोंदणीचे कागद भरायचे होते. सहा ठिकाणी आबांच्या सह्या हव्या होत्या. मी मोजणीचा अर्ज त्यात चौथा घातला. आबा खाटेवर बसले, पेन घेतलं, आणि मी जिथे बोट ठेवलं तिथे सही करत गेले. प्रत्येक सहीला नाव पूर्ण लिहायचे, भिकाजी सोमा करंगुटकर, शाळकरी मुलासारखं सावकाश.

"सगळे खोल्यांचेच मरे?" त्यांनी मधेच विचारलं.

"व्हय."

एवढंच बोललो. चौथा कागद झाला, पाचवा पुढे सरकवला.

फेब्रुवारीत मोजणीची नोटीस आली. एक आम्हाला, एक काकांना. आमची मी पोस्टमनच्या हातातून परस्पर घेतली. काकांना त्यांची मिळाली असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पानाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आबा पडवीत दोन पानं लावून बसायचे आणि दहाच्या सुमाराला दुसरं पान स्वतःच खायचे.

"जयराम येवक नाय," ते दर्शनाला म्हणाले. "बरा नाय काय तेका?"

"बघून येतंय," असं म्हणून ती माझ्याकडे बघायची. तिला मी सांगितलं होतं. ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. आबा स्वतः एकदा बेड्यापर्यंत गेले. पलीकडे काकी कपडे वाळत घालत होती, ती त्यांना बघून आत निघून गेली. आबा थोडा वेळ तिथे उभे राहिले आणि परत आले.

मोजणीच्या दिवशी हंगामाची शेवटची सहल आमच्याकडे होती. पाहुणे अंगणात घावणे खात होते. एवढ्यात मोजणीदार आला. कोवळा मुलगाच होता, तीन पायांचं यंत्र आणि बरोबर दोन माणसं. आबा पडवीच्या पायरीवर बसलेले.

"ह्यो कोण?"

"मोजणी आसा, आबा. सरकारी."

"कोणी बोलावल्यानी?"

मी मोजणीदाराला खालची वाट दाखवायला वळलो. आबांनी चेहरा माझ्याकडे वळवला, त्यांना दिसत होतं तेवढं दिसलं, आणि त्यांनी आत जाऊन सदरा घातला. मग कोणाचा हात न धरता खाली वईपाशी जाऊन उभे राहिले. पलीकडे काका येऊन उभे होते. दोघांच्या मधे वई.

दोन तास काम चाललं. बंधाऱ्याच्या टोकाला एक खुणेचा दगड पुरलेला सापडला, वर रस्त्याकडे दुसरा. दोघांना सांधून मोजणीदाराच्या माणसाने चुन्याची रेघ मारली. ती आमच्या वईच्या पलीकडून गेली. तिसऱ्या माडाच्या पलीकडून गेली. काकांच्या नव्या खोपीत एका कुडातून शिरली आणि दुसऱ्या कुडातून बाहेर आली. आत काकी चुलीपाशी बसली होती. तिने पाय आखडून घेतले.

"अकरा फूट," मोजणीदार म्हणाला. "अतिक्रमण आहे."

खोटं कशाला सांगू? मला आनंद झाला. अगदी पोटातून. पाहुण्यांतल्या कोणीतरी, "म्हणजे तुमची जागा निघाली ना?" असं विचारलं, तेव्हा मी मान हलवली आणि हसलोसुद्धा.

काकांनी सदऱ्याच्या खिशातून नोटीस काढली. घडी उलगडली. "साहेब, मूळ अर्ज आसा तुमच्याकडे?"

मोजणीदाराने फायलीतून दाखवला. काकांनी तो वाचला नाही, फक्त खालची सही पाहिली. मग फाईल तशीच वईवरून अलीकडे धरली.

"भिकू, ही सही तुझी?"

आबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. इतका जवळ, की नाक कागदाला लागलं. सही कोणाची हे त्यांना कळलं, आणि ती कशी झाली हेही तिथेच कळलं असणार. त्यांनी मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चार लोकांत माझी शोभा होणार.

"व्हय," आबा म्हणाले. "माझीच."

काकांनी फाईल परत घेतली. पेन मागितलं आणि मोजणी मान्य असल्याची सही केली. मग आत जाऊन खोपीतली चूल विझवली. आम्हाला पाणी ओतल्याचा आवाज आला.

पाहुणे आपापल्या ताटल्या उचलून मुकाट्याने आत गेले होते. त्यांना खाडीपर्यंत पोचवून मी दुपारी परत आलो, तेव्हा आबा तसेच सदरा घालून पडवीत बसलेले. जेवले नव्हते. मला वाटलं, शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर मीही बोललो असतो. म्हणून मीच सुरुवात केली.

"आबा, तुमका दिसत नाय. ते दोरी सरकवतत आणि तुमी खुटो मारतास. इतक्या वर्सांत अकरा फूट गेले."

"दोरी तेणी सरकवूक नाय," आबा म्हणाले. "खुटो मी आत मारलंय. दर वर्साक. माका दिसता, उल्हास. तेवढा दिसता."

"कित्याक?"

आबा समुद्राकडे बघून बोलले, माझ्याकडे नाही.

"बंधाऱ्याचा काम जयरामच्या भाटापासून सुरू होवचा होता. धूप थयच होती, आपल्याकडे नाय. तू तेवा गोव्यात. मी पंचायतीत होतंय. मी कंत्राटदाराक म्हटलंय, आधी माझ्याकडसून घे. आणि जयरामाक म्हटलंय, पुढल्या वर्साक तुझ्यापुढे घालतंय. तो म्हणालो, बरां. कागदार सही केल्यान. पुढला वर्स काय इला नाय. पैसो संपलो, काम थांबला."

"मगे?"

"मगे पाणी हय अडला आणि थय घुसला. पहिल्या पावसात तेचे चार माड गेले. तेणी एक शब्द काढूक नाय. त्या दिवाळेक वई घालताना मी खुटो एक हात आत मारलंय. जयराम दोरी धरून उभो होतो. माझ्याकडे बघल्यान. मी तेच्याकडे बघूक नाय. वायच थांबलो आणि दोरी सरकवल्यान. दर वर्साक असाच."

"माका कधी सांगूक नाय तुमी."

"काय सांगू? बापाशीन शेजाऱ्याचा घर समुद्राक घातल्यान, ह्या सांगू?"

आत दर्शनाची भांडी वाजायची थांबली होती.

"आणि सही?" मी शेवटी म्हटलं. "सही तर मी तुमका फसवून..."

"सही माझी आसा. मी केलंय. वाचूक नाय, ता माझा चुकला."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका खोपीची कौलं उतरवत होते. एक एक कौल काढून काकीच्या हातात देत होते, ती भिंतीला लावून रचत होती. वई त्यांनी आधीच उपटून चुन्याच्या रेघेवर नेली होती. सत्तरीच्या माणसाने एकट्याने, कधी उठून नेली कोण जाणे. मी रेघेच्या अलीकडे उभा राहिलो.

"काका, ऱ्हांवदे ता. आबांनी माका सगळा सांगितला. वई होती तशी ठेवया."

काका शिडीवरून खाली उतरले. हात झटकले. रागावले नव्हते, तेच वाईट होतं.

"परवापर्यंत ती वई होती, उल्हास. आता ते अकरा फूट झाले. आता मी ठेवलंय तर ती भीक, आणि भिकून दिल्यान तर तो दंड. आमका दोघांकय ता जमूचा नाय. तेणी न बोलता दिल्यान, म्हणून मी न बोलता घेतलंय. बोलूचाच असता तर तेवाच बोललो असतो, पहिल्या पावसात."

"पण आबांनी..."

"तेका कंटाळो इलो असतलो. म्हातारपणी माणसाक आपला आपल्याजवळ होया वाटता. मी तेका दोष देणंय नाय. पण माका एक शब्द सांगल्यान असतो, तर मीच वई मागे नेलंय असतंय. कागद कित्याक धाडल्यान?"

हाच तो क्षण. कागद आबांनी नाही, मी धाडला, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. काकी कौल हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ते वाक्य जिभेवर आणलं आणि गिळलं. का गिळलं? लाज वाटली म्हणून. दुसरं काही कारण मी आजवर शोधलं नाही, सापडणारही नाही.

चूल ठेवायला जागा उरली नव्हती आणि पुढून समुद्र येतच होता. शिमग्याच्या आधी ते दोघं मुलीकडे कुडाळला गेले. टेम्पो आमच्या दारावरून गेला. आबा पायरीवर उभे होते. काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेले, समोर बघत. पावसाळ्यात त्यांचं घर बसलं. माझ्या दोन खोल्या दिवाळीपर्यंत झाल्या, सहली आल्या, मुक्काम हलला नाही. पाहुणे म्हणायचे, इथून समुद्र किती छान दिसतो. दिसणारच, मधे घर कुठे राहिलं होतं?

आबा माझ्याशी बोलायचे. बाजाराचं, मासळीचं, पाहुण्यांचं. पण सकाळी पान खायचं त्यांनी सोडलं. डोळ्यांचं ऑपरेशनही करून घेतलं नाही. मी आग्रह केला तर म्हणाले, "आता काय बघूचा आसा?"

वर्ष असं काढलं आणि मग मला राहवेना. पुढच्या मार्चमध्ये, सहली संपल्यावर, कोणाला न सांगता कुडाळला गेलो.

मुलीचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. काका गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. वाळले होते, पण मला बघून त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"पाणी खंय पावला?" पहिलं हेच विचारलं.

"तुमच्या बायपर्यंत. बाय आसा अजून, पण खारी झाली."

विहीर खारी झाल्याचं ऐकून त्यांनी मान हलवली. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग मी वाक्य काढलं. वाटेत एसटीत चाळीस वेळा घोकलेलं होतं.

"काका, एक सांगूचा होता. त्या अर्जावरची सही..."

"भिकूची," काका म्हणाले.

"व्हय, पण ती मी..."

"भिकूची." आवाज चढला नाही. "चार माणसांत मी तेका इचारलंय. तो म्हणालो, माझी. आता तू माका काय सांगूक इलंस? तो खोटा बोललो म्हणान?"

काकांना सगळं माहीत होतं. कदाचित त्याच सकाळी कौलं उतरवताना कळलं असेल, मी वाक्य गिळलं तेव्हा. कदाचित त्याच्याही आधी, आबांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा. आणि ते मला तोंडातून काढू देणार नव्हते. मी एवढा रस्ता ज्या ओझ्यासाठी तुडवला, ते त्यांनी माझ्याच डोक्यावर परत ठेवलं.

"चाय घे," ते म्हणाले. काकीने कप पुढे केला. चहा झाला, मी उठलो. जिन्यापर्यंत कोणी पोचवायला आलं नाही.

घरी आलो तेव्हा उन्हं कलली होती. आबा पडवीत होते.

"खंय गेललंस?"

"कुडाळाक. जयरामकाकांकडे."

आबा माझ्या आवाजाच्या दिशेने वळले.

"बरो आसा?"

"बरे आसत."

"काय म्हणालो?"

"माका काय्येक सांगूक देवक नाय तेंनी."

"नाय देवचो." आबा हसले. वर्षभरात पहिल्यांदा हसले, दोस्ताच्या अभिमानाने. "तो तसोच आसा. मगे?"

"मगे चाय घेतलंय आणि इलंय."

आबा खांबाला धरून उठले आणि माझ्या अगदी जवळ आले. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, म्हणून कान पुढे केला.

"माका इचारल्यान काय?"

काकांनी पाण्याचं विचारलं होतं. आबांचं काहीही विचारलं नव्हतं, जेवतात काय, चालतात काय, एक अक्षर नाही.

"इचारल्यानी," मी म्हणालो. "दोन-दोन वेळा इचारल्यानी."

आबांनी मान हलवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. हात काढायचं त्यांच्या ध्यानात येईना, आणि मला ते सांगवेना.